जमीन काळी आहे, पण मोसंबीला चालेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जालना जिल्ह्यात सहा एकर जमीन पाहिली आहे. व्यवहार जमवणारा माणूस म्हणतो 'एक नंबर काळी कसदार'. माती परीक्षणात सामू (pH, म्हणजे माती आम्ल की विम्ल ते सांगणारा आकडा) 8.2 आणि सेंद्रिय कर्ब 0.48 टक्के आला आहे. मोसंबी लावायची आहे. तर जमीन खरंच चांगली आहे का आणि काळी माती ओळखायची कशी?

आमची जमीन त्याच पट्ट्यात आहे आणि हीच चूक आमच्या घरात झालेली आहे, म्हणून सविस्तर लिहितो. इसार देण्याआधी या जमिनीत खड्डे घ्या. कागदावरून आणि रंगावरून ठरवू नका.

आधी रंगाचं बोलतो, कारण सगळा घोटाळा तिथेच होतो. काळी म्हणजे सेंद्रिय पदार्थांनी भरलेली, असा आपला समज असतो. रशिया-युक्रेनच्या गवताळ मैदानातली काळी माती तशी आहे. थंड हवेत हजारो वर्षं गवताची मुळं कुजून ती काळी झाली. आपली तशी नाही. तुमचाच कर्ब बघा, अर्धा टक्कासुद्धा नाही. आपल्याकडे जो काही थोडा कुजलेला भाग आहे तो चिकणमातीच्या कणांना इतका घट्ट चिकटून बसतो की थोड्यातही माती काळीभोर दिसते. म्हणजे रंगावरून कस कळत नाही. रंगावरून एवढंच कळतं की ही चिकणमाती आहे आणि बहुतेक काळ्या खडकातून आलेली आहे.

हा खडक म्हणजे बेसाल्ट. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर पसरले आणि आज आपण ज्याला दख्खनचं पठार म्हणतो ते बनलं. पण एकाच खडकाची माती सगळीकडे सारखी होत नाही. महाबळेश्वरलाही बेसाल्टच आहे. तिथे वर्षाला 5000 मिमीहून जास्त पाऊस पडतो, त्याने चुना, मॅग्नेशियम, सिलिका सगळं धुऊन नेलं आणि लोह-ॲल्युमिनियम मागे राहून लाल जांभा झाला. आपण सह्याद्रीच्या पावसाच्या सावलीत आहोत. पाऊस साधारण 600 ते 750 मिमी, तोही चार महिन्यांत, मग आठ महिने कोरडे. एवढ्या पाण्यात चुना धुऊन जात नाही. तो थोडा खाली सरकतो आणि तिथेच खडे होऊन बसतो. अशा चुनायुक्त, कोरड्या परिस्थितीत स्मेक्टाइट नावाची चिकणमाती तयार होते. ती ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसते. काळ्या जमिनीचे सगळे गुण आणि सगळे त्रास या फुगण्या-आकसण्यातून येतात.

एप्रिल-मे महिन्यात शेतात गेलात तर भेगा दिसतील. हाताचा पंजा आत जाईल इतक्या रुंद आणि काठी घातली तर मीटरभर खाली जाईल इतक्या खोल. वरची वाळलेली भुरभुरीत माती वाऱ्याने, गुरांच्या पायाने त्या भेगांत पडते. पावसाळ्यात खालची माती फुगते, पण भेगेत आधीच माती भरलेली असल्यामुळे तिला जागा उरत नाही. मग थर एकमेकांवर तिरपे घासले जातात. कुंपणाचे खांब दोन-तीन वर्षांत कलतात ते यामुळेच. आपल्या गावांनी ही गोष्ट केव्हाच ओळखली होती. जुन्या कागदांत गावाची 'काळी' म्हणजे पिकाऊ जमीन आणि 'पांढरी' म्हणजे वस्तीची जागा. घर पांढरीवर बांधायचं, पेरायचं काळीत.

आता तुमच्या सहा एकरांकडे येऊ. सहा एकरांत एकच माती असेल असं धरून चालू नका. जमीन कुठून कुठे उतरते ते आधी पाहा. आपल्याकडे माळाच्या माथ्यावर बरड असते, वीत-दीड वीत माती आणि खाली मुरूम. उतारावर मध्यम काळी. नाल्याकडे, ओढ्याकाठी खोल भारी जमीन. वरची माती वाहून खाली साठते हे कारण तर आहेच. शिवाय वरून झिरपणारं पाणी विरघळलेला चुना आणि क्षार सोबत घेऊन येतं आणि खोलगट भागात सोडतं. म्हणून सगळ्यात काळी, सगळ्यात 'भरलेली' दिसणारी जमीन बहुतेक वेळा बांधाच्या सगळ्यात खालच्या टोकाला असते, आणि फळबागेला तीच सगळ्यात धोक्याची असते.

आमच्याकडे 2008 साली चार एकरांत 20 बाय 20 फुटांवर मोसंबी लावली, 440 झाडं. वडिलांनी खालचा भाग मुद्दाम आधी भरला, कारण तो जास्त काळा होता. कलमं विकणाऱ्याने माती परीक्षणाचा कागद पाहून 'चालेल' म्हणून सांगितलं. नमुना वरच्या वीतभर थरातला होता. तिसऱ्या वर्षी खालच्या भागात कोवळी पानं पिवळी पडायला लागली, शिरा तेवढ्या हिरव्या. आम्ही लोहाची कमतरता म्हणून हिराकस (लोहाचं खत, फेरस सल्फेट) टाकत राहिलो. जमिनीत एवढा चुना होता की टाकलेलं लोह झाडाला मिळायच्या आधीच अडकून पडायचं. पाचव्या वर्षी पावसाळा लांबला, पाणी साचून राहिलं आणि मुळं कुजली. वरच्या दीड एकरातली बाग अजून उभी आहे. तिथली माती दिसायला फिकट, हाताला थोडी भरड, आणि अडीच-तीन फुटांवर मुरूम लागतो. वडील गेले तरी त्या खालच्या वाफ्याकडे मला आजही सरळ बघवत नाही. एक खड्डा घेतला असता तर ते टळलं असतं.

तर खड्डे घ्या. तीन: माथ्याला, मध्यावर आणि सगळ्यात खाली. जेसीबीवाला तासाभरात करून देईल. खोली दीड मीटर किंवा मुरूम लागेपर्यंत. आत उतरा आणि भिंत खुरप्याने वरून खाली खरवडून साफ करा. वरचा वीत-दीड वीत थर भुसभुशीत असेल. त्याखाली कोनदार ढेकळं सुरू होतात. साधारण दोन फुटांच्या खाली एखादं ढेकूळ ओढून काढा. त्याची एखादी बाजू तिरपी आणि घोटल्यासारखी चकचकीत असेल, त्यावर बारीक ओरखडे असतील, तर समजा की ही खरी फुगणारी खोल काळी जमीन आहे. शास्त्रज्ञ ज्या मातीला 'व्हर्टिसोल' म्हणतात ती ओळखण्याची मुख्य खूण हीच. 30 टक्क्यांच्या वर चिकणमाती आणि दरवर्षी उघडमीट होणाऱ्या भेगा या बाकीच्या दोन. नुसती काळी पण फूटभरच खोल असलेली जमीन या वर्गात बसत नाही, आणि मोसंबीलाही पुरत नाही.

पांढरे खडे कुठून सुरू होतात ते टेपने मोजा. औषधाच्या किंवा प्रयोगशाळेच्या दुकानातून हायड्रोक्लोरिक आम्ल आणून एकास दहा पातळ करा (आम्ल पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात नाही, आणि हातमोजे घालून). भिंतीवर वरपासून थेंब टाकत या. जिथे नुसतं पाहूनच फेस दिसतो, सूं असा आवाज येतो, तिथे चुना भरपूर आहे. प्रयोगशाळेला 0-30, 30-60 आणि 60-90 सेंमी असे वेगळे नमुने द्या आणि 'मुक्त चुना' (मातीत किती टक्के चुनखडी आहे तो आकडा) मुद्दाम मागून घ्या. मृदा आरोग्य पत्रिकेच्या 12 बाबींत तो नसतो. खोली आणि उतारही नसतो. मुक्त चुना 10 टक्क्यांच्या वर असेल तर त्या भागात मोसंबी लावू नका, कोणी कितीही आग्रह केला तरी.

अजून एक साधी परीक्षा. खालच्या थराचं वाळलेलं बोराएवढं ढेकूळ काचेच्या ग्लासात पावसाच्या किंवा डिस्टिल्ड पाण्यात सोडा आणि न हलवता ठेवा. ढेकूळ फुटून तळाशी बसलं आणि पाणी स्वच्छ राहिलं तर ठीक. ढेकळाभोवती दुधासारखं गढूळ वलय पसरून तसंच राहिलं तर सोडियम वाढलेलं आहे, जमीन चोपण, म्हणजे सोडियममुळे घट्ट आणि पाणी न मुरणारी, होत चालली आहे. वरचा सामू 8.2 असला तरी खाली 8.6-8.8 निघू शकतो.

पिकं आणि तणंही बोलतात. बांधाला कुंदा माजलेला असेल तर जमीन खोल आणि भारी. लव्हाळा दाटलेला असेल तर तिथे पाणी रेंगाळतं. शेजाऱ्याला विचारा की मोठ्या पावसानंतर वाफसा (जादा पाणी निघून जमीन कामाजोगी ओलसर होणं) किती दिवसांनी येतो. दोन दिवस आणि आठ दिवस यात बागेच्या आयुष्याचा फरक आहे.

मोसंबीत आणखी एक अडचण आहे जी फार कोणी सांगत नाही. बहार धरायला, म्हणजे झाडाला एकदम फुलं यायला, काही दिवस पाणी तोडून ताण द्यावा लागतो. हलक्या-मध्यम जमिनीत महिना-सव्वा महिन्यात ताण बसतो. खोल काळीत दोन महिने पाणी तोडलं तरी झाड हिरवंच, कारण मीटरभर खोलीत पिकाला घेता येईल असं 150 ते 200 मिमी पाणी धरलेलं असतं. आणि ताण बसेपर्यंत भेगा पडून तंतुमुळं तुटतात.

हेच साठवलेलं पाणी रब्बीला मात्र वरदान आहे. पाऊस संपल्यावर पेरलेली ज्वारी आणि हरभरा एकही पाणी न देता याच जमिनीत येतो. आमच्या खालच्या अडीच एकरांत आता तेच घेतो. तेव्हा खालचा भाग भारी निघाला म्हणून सौदा मोडायची गरज नाही. मोसंबी किती एकरांत बसेल एवढं धरून भाव ठरवा. मधला भाग जेमतेम वाटला तर रंगपूर लिंबाच्या खुंटावर (मुळाकडच्या झाडावर) बांधलेली कलमं घ्या, चुन्याला तो जंबेरी या नेहमीच्या खुंटापेक्षा जास्त टिकतो, आणि गादीवाफ्यावर, म्हणजे उंच केलेल्या मातीच्या पट्ट्यावर, लावा.

खड्डे घेतल्यावर लगेच निष्कर्ष काढू नका. ओल्या भिंतीत घोटीव बाजू दिसत नाहीत, दोन दिवस ऊन खाऊ द्या. तोवर भोवती काट्या लावा, रात्री गुरं पडतात. आणि बुजवताना खालची चुनखडीची माती खालीच जाईल, वरची वरच येईल हे स्वतः उभं राहून पाहा. जमीन अजून दुसऱ्याची आहे.