त्वचेचं चालेल, ‘ते’ नको?

प्रश्न : माझी मुलगी पुण्यात टी.वाय.बी.एस्सी. मायक्रोबायॉलॉजीला आहे. मोठ्या माणसांचे त्वचारोग आणि लैंगिक संसर्ग यांवर संशोधन करायचं म्हणते. डॉक्टर नसताना हे जमतं का? तिलाच लागण झाली तर? आणि नुसतं त्वचेचं काम घेऊन ‘ते दुसरं’ टाळता नाही का येणार? नातेवाइकांना काय सांगू, तेच सुचत नाही.
– एक आई, सिंहगड रोड

उत्तर : ताई, शेवटच्या शंकेचं आधी बघू. टाळता येणार नाही. डॉक्टरांची या विषयातली एम.डी.सुद्धा त्वचारोग, गुप्तरोग आणि कुष्ठरोग अशी एकत्रच असते, आणि त्याला कारण आहे. उपदंशाची (सिफिलिसची) पहिली जखम बहुधा दुखत नाही आणि आपोआप भरते, त्यामुळे माणूस ती विसरतो. काही आठवड्यांनी तळहात-तळपायांवर पुरळ उठतं, त्याला फारशी खाजही नसते. मग तो ‘ॲलर्जी झाली’ म्हणून स्किनच्या ओपीडीत येऊन बसतो. उलटंही होतं. जांघेत साधं गजकर्ण असतं, पण भलतंच काही असेल या धास्तीनं माणूस कोणाला दाखवत नाही, मेडिकलमधून मलम आणून लावत राहतो.

डॉक्टर नसल्यामुळे तिला रुग्णावर उपचार करता येणार नाहीत, एवढंच. प्रयोगशाळेतलं काम मायक्रोबायॉलॉजीवाल्यांचंच आहे. एम.एस्सी. मायक्रोबायॉलॉजी करावी आणि शेवटच्या वर्षातच सीएसआयआर-यूजीसी नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेचा लाइफ सायन्सेसचा पेपर द्यावा. त्यातून जेआरएफ (ज्युनियर रिसर्च फेलोशिप) मिळाली तर पीएच.डी.ची पहिली दोन वर्षं दरमहा ३७,००० रुपये फेलोशिप मिळते. त्यासाठी वयोमर्यादा ३० आहे, मुलींना ५ वर्षांची सूट. पुण्यात असणं ही तिची जमेची बाजू. भोसरीत आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) एड्स संशोधन संस्था आहे (नाव बदललं तरी लोकांच्या तोंडी ‘नारी’च), आणि बी.जे. मेडिकल-ससूनमध्येही एचआयव्ही-क्षयरोगावर संशोधन चालतं. नेट न निघाल्यास प्रोजेक्ट असिस्टंटच्या जागा असतात, पण त्या कंत्राटी. प्रकल्पाचा निधी संपला की नोकरी संपते. हे धरूनच घरचं गणित मांडा.

या क्षेत्रात टिकायला गुणपत्रिकेपेक्षा हाताची शिस्त जास्त लागते, आणि ती आहे का हे आताच तपासता येतं. उदाहरण म्हणून उपदंशासाठीची आरपीआर ही रक्तचाचणी बघा. कार्डावरच्या गोलात ५० मायक्रोलिटर सीरम (रक्तातून वेगळा केलेला द्रव), त्यावर कोळशाचे कण असलेल्या अँटिजेनचा थेंब, रोटेटरवर मिनिटाला १०० फेरे, ८ मिनिटं. काळ्या गुठळ्या दिसल्या तर पॉझिटिव्ह. इतकं सोपं, आणि तरी चुकतं. अँटिजेन फ्रिजमधून काढून तसाच वापरला की गुठळ्या नीट बनत नाहीत. कधी रक्तात प्रतिपिंडं इतकी जास्त असतात की पातळ न केलेलं सीरम निगेटिव्ह दिसतं. लक्षणं बोलत असतील आणि कार्ड गप्प असेल, तर सीरम पातळ करून पुन्हा बघायचं. उपचारानंतर टायटर (सीरम किती पातळ करेपर्यंत चाचणी पॉझिटिव्ह येते ते प्रमाण) १:३२ वरून १:८ वर आला तर ती खरी सुधारणा. १:१६ पर्यंतच उतरला तर तेवढा फरक चाचणीच्या स्वतःच्या चुकीतही येतो. आणि आधी व्हीडीआरएल (उपदंशाचीच दुसरी चाचणी), नंतर आरपीआर अशी तुलना तर करायचीच नाही.

परमा, म्हणजे गोनोरियाचा जंतू त्याहून नाजूक. साधा कापसाचा स्वॅब त्याला बाधतो, फ्रिज तर मारतोच. नमुना घेतल्या जागीच चॉकलेट अगारवर (जंतू वाढवायच्या माध्यमावर) लावून ५ टक्के कार्बन डायऑक्साइडमध्ये ३५-३६ अंशांवर ठेवायचा. ‘दुपारी लॅबला पाठवू’ म्हणून ठेवलेला स्वॅब भोसरीच्या ट्रॅफिकमध्येच संपतो. वाढच मिळाली नाही, तर कोणतं औषध लागू पडत नाही हे कळणार कसं?

‘नुसती त्वचा’ही सोपी नाही. गजकर्णाची खपली चकंदळाच्या चढत्या कडेवरून खरवडायची, मधून नाही. मग १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये १०-२० मिनिटं ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली बघायची. नखाला जास्त तीव्र द्रावण आणि जास्त वेळ लागतो. रुग्ण आधीपासून स्टिरॉइड मिसळलेलं मलम लावत असेल तर चकंदळाची कडाच पुसट होते. ट्रायकोफायटॉन इंडोटिनी या २०२० मध्ये नाव मिळालेल्या बुरशीच्या अनेक नमुन्यांवर टर्बिनाफिन हे बुरशीचं औषध चालत नाही. नवख्या संशोधकाला इथे भरपूर काम आहे, आणि माझ्या मते तिनं पहिला विषय हाच घ्यावा. परीक्षेनंतर प्राध्यापकांचं पत्र घेऊन एखाद्या रुग्णालयाच्या मायक्रोबायॉलॉजी विभागात दोन-तीन महिने काम करावं. तिसऱ्या आठवड्यातही सलग चाळीस स्लाइड बघायचा कंटाळा येत नसेल, तर पुढे जावं.

लागणीची भीती. शेजारी बसून, बोलून, ग्लोव्हज घालून नमुना हाताळून हे आजार होत नाहीत. मुख्य धोका सुईचा. वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण लावू नये. टोचलीच तर साबण-पाण्यानं धुवून लगेच कळवायचं. एचआयव्हीचं प्रतिबंधक औषध शक्य तितक्या लवकर, उशिरात उशिरा ७२ तासांत सुरू करून २८ दिवस घ्यायचं असतं.

नातेवाइकांना ‘मायक्रोबायॉलॉजीत संशोधन करते’ इतकं पुरे, ते खरंही आहे. पण एक अट घरालाही आहे. नमुन्यांवर नाव नसतं, कोड असतो, आणि एचआयव्हीबाबतची गुप्तता २०१७ च्या कायद्यानंच बांधील केली आहे. ओपीडीत सोसायटीतलं कोणी दिसलं तरी ती घरी सांगणार नाही. तुम्हीही ‘आज कोण आलं होतं?’ विचारायचं नाही.

शेवटचं, सुईच्या धोक्यासाठीच: मुलीला हेपॅटायटिस बीची लस लहानपणी दिली असेल तर तो कागद शोधा. नसेल तर एम.एस्सी.च्या प्रवेशाची वाट न बघता पहिला डोस घ्या. ०, १ आणि ६ महिने असे तीन डोस पुरे व्हायला अर्धं वर्ष जातं, आणि त्यानंतर महिना-दोन महिन्यांनी प्रतिपिंडांची तपासणी.