वाचकांचे प्रश्न : पट्टा बांधून व्यायाम आणि रक्तवाहिन्या

प्रश्न : मी नेरूळला राहतो, वय 57. रक्तदाबासाठी रोज एक गोळी घेतो. गुडघेदुखीमुळे जड वजने उचलता येत नाहीत, म्हणून आमच्या जिममधील ट्रेनर मांडीच्या वरच्या भागाला इलॅस्टिकचे पट्टे करकचून बांधून हलक्या वजनाचा व्यायाम करायला सांगतात. त्याने ताकद वाढते आणि रक्तवाहिन्याही ‘मोकळ्या होतात’, असे ते म्हणतात. रक्त अडवून रक्तवाहिन्या सुधारतात, हे मला पटत नाही. आपले मत कळवावे.
– एक वाचक, नेरूळ

उत्तर : ताकदीबद्दल आपल्या ट्रेनरचे म्हणणे बरोबर आहे. ही पद्धत जपानमधील योशिआकी सातो यांनी 1960 च्या दशकात सुरू केली आणि ती तिथे ‘कात्सू’ या नावाने रूढ झाली. एरवी स्नायू वाढवायचे तर आपल्याला एकदाच उचलता येईल अशा कमाल वजनाच्या साधारण 70 टक्के भार लागतो. पट्टा बांधल्यावर 20 ते 30 टक्के भारावरही स्नायूंची वाढ होते, आणि म्हणूनच दुखऱ्या गुडघ्यांच्या रुग्णांसाठी फिजिओथेरपिस्ट तिचा वापर करतात.

रक्तवाहिन्यांचे गणित मात्र इतके सरळ नाही. धमनीच्या आतल्या बाजूला पेशींचा एकच पातळ थर असतो. रक्त त्याच्यावरून वेगाने आणि एकाच दिशेने वाहू लागले, की त्या घर्षणामुळे या पेशी नायट्रिक ऑक्साइड तयार करतात, धमनी सैलावते आणि कालांतराने तिचे आरोग्यही सुधारते. (या वायूचे शरीरातील कार्य उलगडणाऱ्या तीन संशोधकांना 1998 चे नोबेल पारितोषिक मिळाले.) पट्टा सोडल्याबरोबर पायात रक्ताचा लोंढा येतो आणि काही क्षण नेमके हेच घर्षण वाढते. शिवाय ऑक्सिजन कमी पडलेला स्नायू नव्या केशवाहिन्यांना चालना देणारी द्रव्ये सोडतो. ज्येष्ठ नागरिकांवर झालेल्या काही अभ्यासांत, काही आठवड्यांच्या अशा व्यायामानंतर धमन्यांच्या अस्तराचे कार्य सुधारल्याचे दिसले, ते बहुधा यामुळेच.

परंतु पट्टा बांधलेला असतो तेव्हा चित्र उलटे असते. शिरांतून परत जाणारे रक्त अडते, धमनीतला प्रवाह मंदावतो आणि प्रत्येक ठोक्यागणिक थोडे रक्त मागे ढकलले जाते. हा मागेपुढे हेलकावणारा प्रवाह अस्तराला मानवत नाही. निरोगी तरुणांच्या हाताला 25, 50 आणि 75 मिलिमीटर पाऱ्याइतक्या चढत्या दाबाने प्रत्येकी अर्धा तास कफ (हवा भरून फुगवायचा पट्टा) बांधून पाहिला, तेव्हा जसा दाब वाढला तशी धमनीची सैलावण्याची क्षमता घटत गेली. हा प्रयोग बसल्या जागी केलेला होता, व्यायामात नव्हे. तरीही पट्टा घट्ट असणे आणि तो दीर्घकाळ बांधून ठेवणे, या दोन्ही गोष्टी रक्तवाहिनीच्या विरोधात जातात, हे त्यातून समजते. केवळ रक्तवाहिन्यांसाठी हा व्यायाम सुचवण्याइतका पुरावा आज आहे, असे मला वाटत नाही. ‘मोकळ्या होतात’ हे विधान तर सोडूनच द्यावे. धमनी म्हणजे तुंबलेली मोरी नव्हे, आणि तिच्या भिंतीत साचलेली चरबी पट्ट्याने निघत नाही.

आपल्या बाबतीत खरी अडचण इलॅस्टिकच्या पट्ट्याची आहे. योग्य पद्धतीत आधी डॉप्लर या रक्तप्रवाहाचा आवाज ऐकवणाऱ्या उपकरणाच्या साहाय्याने घोट्याजवळच्या धमनीचा आवाज ऐकत कफ फुगवतात, आवाज बंद होतो तो दाब नोंदवतात आणि व्यायामासाठी त्याच्या 40 ते 80 टक्के दाब ठेवतात. हा आकडा मांडीचा घेर, कफची रुंदी आणि आपला त्या दिवशीचा रक्तदाब यांवर अवलंबून असल्याने शेजारच्या माणसाचा आकडा आपल्याला चालत नाही. इलॅस्टिकचा पट्टा किती दाब देतो, हे ट्रेनरला सांगता येणार नाही. त्यात पुन्हा स्नायूत कोंडलेली द्रव्ये मज्जातंतूंना डिवचतात आणि रक्तदाब वर चढतो. दोन फेऱ्यांच्या मधल्या विश्रांतीतही पट्टा तसाच ठेवला, तर रक्तदाब पुरेसा खाली येत नाही. त्यामुळे जिममधला हा प्रकार तूर्त बंद करा. गोळीने रक्तदाब आटोक्यात आहे, असे आपल्या डॉक्टरांनी पाहून सांगितले, तर गुडघ्यासाठी दाब मोजता येणाऱ्या कफने, फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली करायला हरकत नाही. रक्तवाहिन्यांसाठी ‘ज्वेल ऑफ नवी मुंबई’च्या तळ्याकाठी गुडघ्याला सोसेल इतके रोज झपझप चालणे अधिक भरवशाचे आहे.

प्रश्न : माझी मुलगी कबड्डी खेळते. गुडघ्याच्या लिगामेंटच्या शस्त्रक्रियेनंतर फिजिओथेरपिस्ट तिच्या मांडीला कफ बांधून व्यायाम घेतात. पाय जांभळट होतो आणि कधी मुंग्या येतात. गुठळी होण्याची भीती आहे का?
– एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : शिरांतले रक्त अडल्याने पाय लालसर-जांभळट होणे अपेक्षित असते. तो पांढराफटक पडला, तर मात्र धमनीच बंद झाली, असे समजून कफ लगेच सोडावा. मुंग्या येणे हे मज्जातंतूवर दाब पडत असल्याचे लक्षण आहे. मुलीने ते सहन न करता तिथल्या तिथे सांगावे, म्हणजे दाब कमी करता येईल.

गुठळीबद्दल सांगायचे, तर जपानमध्ये कात्सू करणाऱ्या सुमारे 12,600 लोकांच्या पाहणीचा अहवाल 2006 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात त्वचेखाली रक्त साकळण्याचे प्रमाण 13 टक्के होते, पण शिरेत गुठळी होण्याचे अवघे 0.055 टक्के. मात्र गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर मुळातच गुठळीचा धोका थोडा वाढलेला असतो. म्हणून मुलीला किंवा जवळच्या नातेवाइकांपैकी कोणाला पूर्वी गुठळी झाली असेल, ती गर्भनिरोधक गोळ्या घेत असेल किंवा पायाच्या शिरा फुगलेल्या असतील, तर फिजिओथेरपिस्टला आणि शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना ते आधी सांगा. कफ काढल्यानंतर काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी एकाच पोटरीला सूज आली, ती गरम लागली आणि दाबल्यावर दुखू लागली, तर त्याच दिवशी सोनोग्राफी करून घ्यावी. अचानक धाप लागली किंवा छातीत दुखले, तर थेट रुग्णालय गाठावे.