आजीला दिसणारी बुटकी माणसं: आमच्या घरचा अनुभव

साताऱ्याच्या तुमच्या आजीला कट्ट्यावर टोपीवाली बुटकी माणसं दिसतात, ती बोलत नाहीत, आणि घरात 'बाहेरचं' बघायचं चाललंय, हे वाचून पोटात गोळा आला. सांगलीत आमच्या आईला परकर-पोलक्यातल्या मुली दिसायच्या, उंबऱ्यावर ओळीनं बसलेल्या.

मी डॉक्टर नाही. पण आजीच्या दोन्ही डोळ्यांचा पडदा खराब झालाय हे तुम्ही शेवटी लिहिलंत, ते आधी सांगायचं असतं. माझीही हीच चूक. एका दवाखान्यात (नाव नको) मी "आईला भास होतात" एवढंच बोललो. डोळ्यांची फाइल पिशवीतच राहिली. त्यांनीही विचारलं नाही. पाच मिनिटांत वेडाच्या गोळ्या हातात. सात महिने आई गुंगीत, घास हातात तसाच. त्याहून वाईट म्हणजे तिनं सांगणंच सोडलं. मुली दिसतच होत्या, पण सांगितलं की गोळी वाढते हे तिला कळलं होतं.

पुढे डोळ्यांच्या डॉक्टरांनी नाव सांगितलं: चार्ल्स बोने सिंड्रोम, म्हणजे नजर अधू झाली की नसलेली माणसं, वस्तू दिसणं. बोने या स्विस शास्त्रज्ञानं 1760 साली आपल्या नजर अधू झालेल्या आजोबांचं हेच लिहून ठेवलंय.

मला समजलं ते असं. डोळ्याचा निरोप डोक्याच्या मागच्या भागात, दृष्टीच्या केंद्रात जातो. पण तिथं डोळ्याकडून येणारे धागे थोडेच. चेहरे, रंग, वस्तू ओळखणाऱ्या वरच्या भागांकडून उलट येणारे पुष्कळ. ते सतत अंदाज पाठवतात. अंधारात दोरीचा साप होतो तो यामुळेच, आणि बॅटरी मारली की डोळा चूक दुरुस्त करतो. आईकडे दुरुस्त करणाराच थकलाय. दोरीसुद्धा लागत नाही. 1998 मध्ये लंडनच्या संशोधकांनी स्कॅन काढले, तर रंगीत भास होणाऱ्यांत मेंदूचा रंगाचा भागच जागा दिसला. मग ते खोटं कसं म्हणायचं?

आवाजही येत असतील, आजी गोंधळत असेल, हात कापत असतील, तर प्रकरण वेगळं असू शकतं. मेंदूच्या डॉक्टरांना दाखवाच. चालू गोळ्या मनानं बंद करू नका. आणि देवऋषी वगैरे नकोच, हे माझं स्पष्ट मत.

माणसं दिसली की दिवा लावायचा, डोळे डावी-उजवीकडे भरभर फिरवायचे. आईच्या मुली निम्म्या वेळा तरी उठून जातात. आजीला विचाराल ते एकटीला गाठून विचारा. सुनांसमोर आमची आई आजही "काही नाही गं" म्हणते.