पाठनिरीक्षणाच्या नोंदी आणि स्वतःची श्रेणी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी पुणे जिल्ह्यातील एका खासगी माध्यमिक शाळेत बावीस वर्षे गणित शिकवते. यंदा संस्थेने शिक्षक मूल्यमापनासाठी सॉफ्टवेअर घेतले आहे. पर्यवेक्षक तासाला मागच्या बाकावर बसून टॅबवर नोंदी करतात आणि त्या वेगवेगळ्या निकषांखाली जोडतात. त्यानंतर आम्ही लॉगिन करून प्रत्येक निकषावर स्वतःला १ ते ४ यांपैकी श्रेणी द्यायची असते, तीही पुराव्यासह. ४ दिले तर अहंकार दिसेल आणि २ दिले तर तेच पुढे आमच्याविरुद्ध वापरले जाईल, अशी भीती शिक्षककक्षात आहे. सर्वांनी सरसकट ३ भरावे असे ठरत आले आहे. मी काय करावे?

उत्तर : सरसकट ३ भरण्याचा बेत आपण सोडून द्यावा, असे मी आग्रहाने सांगेन. त्यामुळे संस्थेचे काही अडणार नाही, परंतु आपल्याच तासाकडे शांतपणे पाहण्याची मोजक्या वेळा मिळणारी संधी हातची जाईल. शिवाय पर्यवेक्षकांशी श्रेणींवर होणाऱ्या चर्चेच्या वेळी ‘हे ३ कशावरून?’ असे विचारले गेले, तर कोणाकडेच सांगण्यासारखे काही नसेल.

माझ्या मते आपली अडचण श्रेणीपासून सुरुवात केल्यामुळे निर्माण झाली आहे. श्रेणी हा निष्कर्ष आहे आणि त्याच्याआधी नोंद असावी लागते. आपल्या शाळांच्या लॉगबुकात वर्षानुवर्षे जे लिहिले जाते, ते बहुधा नोंद नसून शेरा असतो : ‘विद्यार्थ्यांचा सहभाग चांगला’, ‘फलकलेखन सुबक’, ‘प्रश्नकौशल्य वाढवावे’. असा शेरा वाचून शिक्षक सुखावतो किंवा दुखावतो, पण तासात नेमके काय घडले हे त्याला कळत नाही. त्याच तासाची नोंद पुढीलप्रमाणे होऊ शकते : ‘समीकरण सोडवताना पहिली पायरी कोणती, असा प्रश्न संपूर्ण वर्गाला विचारला; तीन हात वर आले; पहिल्या बाकावरील मुलीने उत्तर दिले. ३५ मिनिटांत १४ प्रश्न. उत्तरे देणारी मुले ७, त्यांपैकी ५ पहिल्या दोन रांगांतील. वर्गात हजर ४८.’ यात चांगले किंवा वाईट असा एकही शब्द नाही, तरीही सहभागाच्या निकषावर स्वतःला कोणती श्रेणी द्यावी, हे ती वाचणाऱ्या शिक्षिकेला दुसऱ्या कोणी सांगावे लागणार नाही.

बी.एड.च्या अभ्यासक्रमात आपण फ्लँडर्सची आंतरक्रिया विश्लेषण पद्धती शिकलो. वर्गात त्या क्षणी कोण कसे बोलते आहे, याची दर तीन सेकंदांनी एक खूण करायची, प्रकार दहा. त्यांपैकी सात शिक्षकाच्या बोलण्याचे, दोन विद्यार्थ्यांच्या बोलण्याचे आणि एक शांततेचा किंवा गोंधळाचा. आपल्यापैकी बहुतेकांनी ते तक्ते परीक्षेपुरते पाठ केले. त्यातला मोलाचा भाग असा, की निरीक्षक आधी मत देत नाही, तो मोजतो आणि लिहितो. सॉफ्टवेअरमधील ‘पुरावा’ या रकान्याचे कामही तेच आहे.

म्हणून लॉगिन केल्यावर श्रेणीचा रकाना लगेच उघडू नका. पर्यवेक्षकांनी केलेल्या नोंदी प्रथम ओळीने वाचा आणि प्रत्येकीसमोर ‘नोंद’ की ‘शेरा’ हे कागदावर लिहा. जिथे शेरा आहे, तिथे ‘हे कोणत्या प्रसंगावरून लिहिले?’ असे नम्रपणे विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे आणि ते विचारणे उद्धटपणाचे नाही. त्यानंतर निसटलेल्या गोष्टींची भर आपण घालावी. पर्यवेक्षक मागे बसलेले असल्याने दोन बाकांमध्ये वाकून एखाद्या मुलाशी आपण काय बोललात, हे त्यांना ऐकू येत नाही. पाठ टाचण, तपासलेल्या वह्यांची नाव झाकलेली छायाचित्रे, चुकलेल्या गणितांचे आपण केलेले वर्गीकरण हे सारे पुराव्यात बसते. नियोजन, पालकांशी संपर्क यांसारखे निकष तासात दिसतच नाहीत. तिथे कागदपत्रांवाचून दिलेली श्रेणी पोकळ ठरते.

आणखी एक सुचवते. शाळेची परवानगी घेऊन आपल्याच एका तासाचे फक्त ध्वनिमुद्रण करा आणि प्रश्न विचारल्यानंतर आपण किती वेळ थांबता ते मोजा. अमेरिकेतील विज्ञानशिक्षणाच्या अभ्यासक मेरी बड रो यांना १९७०च्या सुमाराच्या अभ्यासात असे आढळले होते, की शिक्षक प्रश्न विचारल्यावर साधारण एक सेकंदच थांबतात आणि हा अवकाश तीन सेकंदांपर्यंत वाढवला, तर मुलांची उत्तरे लांबतात आणि अनुत्तरित प्रश्न कमी होतात. मी स्वतः असे मुद्रण पहिल्यांदा ऐकले तेव्हा एका मुलाचे निम्मे वाक्य मीच पूर्ण केल्याचे कानावर आले. ते ऐकणे जड गेले, पण त्या वर्षी मी भरलेल्या स्वयंमूल्यमापनात सर्वांत प्रामाणिक ओळ तीच होती.

आता आपल्या भीतीविषयी. ती अनाठायी नाही. स्वतः दिलेली श्रेणी अंतिम गुणांत धरली जाते की केवळ चर्चेसाठी असते, ती कोणाला दिसते, अपूर्ण मसुदा वरिष्ठांना दिसतो का, आणि निरीक्षकाच्या नोंदीखाली आपले म्हणणे लिहिता येते का, या चार गोष्टी शिक्षकांनी मिळून संस्थेला लेखी विचाराव्यात. एकजूट दाखवायचीच असेल, तर ती सारख्या श्रेणीपेक्षा या पत्रावरील सह्यांत दाखवणे अधिक उपयोगाचे आहे. आणि २ द्यायची वेळ आलीच, तर नुसता आकडा ठेवू नका. ‘ऑगस्टच्या तासात मागील तीन रांगांतून दोनच उत्तरे आली, त्यानंतर मी जोडीत चर्चा करून मगच उत्तर घेण्याची पद्धत सुरू केली, ऑक्टोबरच्या तासात त्याच रांगांतून नऊ उत्तरे आली’ अशी नोंद त्या २ सोबत असेल, तर ती श्रेणी आपल्याविरुद्ध वापरणे कोणालाही सोपे जाणार नाही.

ही कल्पना आपल्याकडे अगदी नवीन आहे असेही नाही. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या ‘पिंडिक्स’ या निर्देशकांत पहिली ते आठवीच्या शिक्षकाने स्वतःला चार पातळ्यांवर जोखावे अशी सोय आहे, आणि २०१५मध्ये सुरू झालेल्या ‘शाळासिद्धी’त ७ क्षेत्रे व ४६ मानकांवर संपूर्ण शाळेचे स्वयंमूल्यमापन केले जाते. मात्र माझ्या पाहण्यात अनेक ठिकाणी एकच तंत्रस्नेही शिक्षक संगणकासमोर बसून सगळ्यांच्या वतीने पातळ्या भरत असे. ती सवय नव्या सॉफ्टवेअरमध्ये येऊ नये, ही माझी मनापासूनची तळमळ आहे.

प्रश्न : मी न्यू जर्सीतील एका सार्वजनिक शाळेत चौथीच्या वर्गाला शिकवते. आमच्याकडे डॅनियलसन चौकटीनुसार, म्हणजे अध्यापनाचे घटक पाडून प्रत्येकावर चारपैकी एक पातळी देण्याच्या पद्धतीने, मूल्यमापन होते. प्रश्न व चर्चा या घटकात मी स्वतःला ‘प्रोफिशियंट’ दिले, पण प्रिन्सिपलनी त्याच्या खालची ‘बेसिक’ ही पातळी दिली. त्या दिवशी सरावाचा तास होता आणि त्या वीसच मिनिटे बसल्या. मी हरकत घ्यावी का?

उत्तर : हरकत घेण्याआधी त्या वीस मिनिटांच्या नोंदी पुन्हा वाचाव्यात. १९९६पासून प्रचारात असलेल्या या चौकटीच्या २२ घटकांपैकी वर्गातील वातावरण आणि प्रत्यक्ष अध्यापन या दोन क्षेत्रांतील घटक तासात दिसतात, तर नियोजन आणि व्यावसायिक जबाबदाऱ्या मुख्यतः कागदपत्रांवरून ठरवाव्या लागतात. आपला घटक तासात दिसणाऱ्यांपैकी आहे. त्यातील ‘बेसिक’ आणि ‘प्रोफिशियंट’ यांमधला फरक प्रश्नांच्या संख्येवर अवलंबून नाही. शिक्षिकेचे प्रश्न मुलांना आधीच ठरलेल्या एकाच उत्तराकडे नेतात, की मुलांना विचार करायला आणि एकमेकांशी बोलायला लावतात, यावर तो ठरतो. टॅबवर आपले प्रश्न शब्दशः उतरवलेले असतील, तर त्यांतील किती प्रश्नांना एकापेक्षा अधिक योग्य उत्तरे संभवत होती, ते मोजा. वीसपैकी अठरा प्रश्न ‘किती झाले?’ या जातीचे निघाले, तर त्या तासापुरती ‘बेसिक’ ही श्रेणी मान्य करणे न्याय्य ठरेल.

मात्र एका तासावरून वर्षभराचे अनुमान काढले जात असेल, तर आपले म्हणणे रास्त आहे. गेट्स प्रतिष्ठानने २००९मध्ये हाती घेतलेल्या, सुमारे ३,००० शिक्षकांचा सहभाग असलेल्या प्रकल्पातून हेच पुढे आले, की एकाच निरीक्षकाने पाहिलेला एकच तास हा अपुरा आधार आहे आणि तास वाढवण्याबरोबर निरीक्षकही बदलला, तर श्रेणी अधिक भरवशाची होते. त्याच प्रकल्पातील फ्लोरिडामधील एका अभ्यासात शिक्षकांना आपले तास स्वतः निवडू दिले, तेव्हा गुण वाढले, परंतु शिक्षकांचा आपसांतील क्रम बहुतांशी तोच राहिला. त्यामुळे केवळ ‘तो तास माझ्या निवडीचा नव्हता’ या मुद्द्यावर फार भर देऊ नये. मुलांची चर्चा असलेल्या एखाद्या तासाला दुसऱ्या निरीक्षकाने यावे अशी विनंती करा आणि त्या तासाच्या नोंदी हाती आल्यावर आपली श्रेणी पुन्हा भरा.

प्रश्न : मी कोल्हापूर जिल्ह्यातील शाळेचा मुख्याध्यापक आहे. मी दिलेली श्रेणी शिक्षकांना त्यांच्या स्वयंमूल्यमापनाआधी दाखवावी की नंतर?

उत्तर : नंतर. साहेबांनी ३ दिले हे एकदा दिसले, की शिक्षकाचा हात दुसऱ्या आकड्याकडे वळत नाही. नोंदी मात्र श्रेणीविना त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी पाठवाव्यात, कारण आठवडा उलटल्यावर तो तास शिक्षकालाही नीट आठवत नाही. सॉफ्टवेअरमध्ये श्रेणी झाकून नोंदी दाखवण्याची सोय नसेल, तर चर्चा होईपर्यंत आपला श्रेणीचा रकाना कोराच ठेवा. नोंदींत कोणत्याही विद्यार्थ्याचे नाव लिहू नका. ‘खिडकीजवळच्या तिसऱ्या बाकावरील मुलगा’ एवढे पुरते.