अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयात 'ना-नफा संशोधन संस्था' कशाला लागते? सरकार पैसे देत नाही का?

सरकार देतं, पण प्रश्न बाहेरून येणाऱ्या पैशाचा असतो. व्हीएच्या, म्हणजे माजी सैनिकांचा कारभार पाहणाऱ्या सरकारी विभागाच्या, डॉक्टरला एनआयएचचं (अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संशोधन संस्थेचं) अनुदान किंवा औषध कंपनीची चाचणी मिळाली, तर ती रक्कम ठेवायची कुठे? सरकारी खात्यातून ती वापरणं म्हणजे लालफितीचा घोळ. पूर्वी असा निधी बहुतेक संलग्न विद्यापीठांमार्फत फिरायचा. म्हणून 1988 मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, कायदा करून व्हीए रुग्णालयांना अशा संस्था काढायची मुभा दिली. सॅन फ्रान्सिस्कोची एनसायर, पालो आल्टोची पेव्हिर ही त्यातली ठळक नावं. 2010 नंतर एकच संस्था अनेक रुग्णालयांचं कामही पाहू शकते.

गंमत रोजच्या कामात दिसते. चाचणीतल्या रुग्णांचं रक्त घेणारी, फॉर्म भरून घेणारी रिसर्च नर्स बसते व्हीएच्या इमारतीत, पण पगार देते ही संस्था. व्हीएच्या दप्तरी तिची नेमणूक चक्क 'बिनपगारी' असते! माणसं नेमणं, उपकरणं घेणं, परिषदा आणि प्रशिक्षण भरवणं ही कामं त्यामुळे झटपट होतात.

संस्था खासगी असली तरी मोकाट नाही. संचालक मंडळावर रुग्णालयाचे प्रमुख असतात आणि निदान दोन सदस्य सरकारी नोकरीबाहेरचे लागतात. दरवर्षी हिशेब व्हीएला द्यावा लागतो, तिथून अहवाल काँग्रेसकडे जातो. तरी कंपन्यांच्या पैशावर चाललेल्या चाचण्यांत हितसंबंध तपासायलाच हवेत, असं माझं मत.