मुलाच्या तापात दोन दिवस थांबलो, मग न्यूमोनिया निघाला. माझं चुकलं का?

तुम्ही लिहिलंय की चार वर्षांच्या मुलाला ताप आला. तो खेळत होता, पाणी पीत होता, म्हणून दोन दिवस घरीच थांबलात. तिसऱ्या दिवशी धाप लागली आणि डॉक्टरांनी न्यूमोनिया सांगितला. मूल आता बरं आहे, पण 'मीच उशीर केला' हे डोक्यातून जात नाही.

पहिल्या दोन दिवसांत जे डोळ्यांना दिसत होतं, त्यावरून थांबणं मला तरी चूक वाटत नाही. मुलांचे बहुतेक ताप विषाणूंचे असतात आणि काही दिवसांत आपोआप उतरतात. धाप दिसली तशी तुम्ही दवाखाना गाठलात.

१९८८ मध्ये जोनाथन बॅरन आणि जॉन हर्शी या संशोधकांनी लोकांना डॉक्टरांच्या निर्णयांच्या हकिगती वाचायला दिल्या. शेवट कुठे चांगला, कुठे वाईट. निर्णयाच्या वेळी हाती असलेली माहिती मात्र सारखीच. तरीही शेवट वाईट असला की लोक निर्णयालाच नावं ठेवत. तुम्ही आज स्वतःशी तेच करताय.

माझ्या घरी याच्या उलट झालं. बाबांच्या छातीत रात्री जळजळ, सोबत घाम. मी आम्लपित्ताची गोळी दिली, ते झोपले, सकाळी ठणठणीत. तो माझ्या हातून झालेला सगळ्यात वाईट निर्णय होता, आणि घरात त्याचं कौतुक झालं! पुढच्या खेपेला तसंच दुखलं तेव्हा मीच म्हणाले, "मागे गोळीनंच थांबलं होतं ना?" आईनं ऐकलं नाही, रुग्णवाहिका बोलावली. हृदयविकाराचा झटका होता. बाबा वाचले ते आईमुळे.

गोळीनं थांबलं हे मी ठरवलं तरी कशावरून? आपण औषधाकडे वळतो ते त्रास शिगेला पोचल्यावर, आणि तिथून तो पुष्कळदा उतरणारच असतो. साधी सर्दी सात ते दहा दिवसांत जाते. पाचव्या दिवशी जे घेतलं त्याला श्रेय मिळतं. अगदी अँटिबायोटिकलाही, जे विषाणूंवर चालतच नाही.

तेव्हापासून मी निकाल कळायच्या आधीच वहीत लिहून ठेवते: काय दिसतंय, काय ठरवलं, आणि काय दिसलं तर एक क्षणही थांबायचं नाही. या शेवटच्या ओळीवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते. १ ते ५ वर्षांचं मूल शांत असताना मिनिटाला ४० किंवा जास्त श्वास घेतंय, श्वासागणिक बरगड्यांखालचा भाग आत ओढला जातोय, पाणी पिणं सोडलंय, तर लगेच डॉक्टर. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश सेल्सिअस ताप आला तरीही लगेच.

त्या दोन दिवसांत तुम्ही मुलाचे श्वास मोजले होते का? नसतील, तर पुढच्या तापात बदलायचं ते एवढंच. मूल झोपलेलं असताना सदरा वर करा आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजा.