दहा वर्षं तेच काम करूनही काहीजण त्यात तरबेज का होत नाहीत?

काम हातासरशी होऊ लागलं की आपण त्याकडे लक्ष देणं थांबवतो, आणि चूक दाखवायलाही कोणी नसतं. मग वर्षं जातात, सवय तेवढी पक्की होते.

उलट उदाहरण अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठातलं. अँडर्स एरिक्सन आणि विल्यम चेस या मानसशास्त्रज्ञांनी एका विद्यार्थ्याला सेकंदाला एक या गतीने आकडे ऐकवले. सगळे बरोबर सांगितले की पुढच्या वेळी एक जास्त, चुकला की एक कमी. सुरुवातीला त्याला चारचौघांसारखे सातच आठवत. २३० हून जास्त तासांच्या सरावानंतर तो ७९ वर पोहोचला (शोधनिबंध १९८० चा). पठ्ठ्या धावपटू होता, त्यामुळे ३४९२ म्हणजे त्याच्यासाठी एक मैल धावण्याची वेळ, ३ मिनिटं ४९.२ सेकंद! मला सगळ्यात बोलका वाटतो तो पुढचा भाग: आकड्यांऐवजी अक्षरं दिली, तर गडी परत सहावर.

तेव्हा 'कौशल्य वाढवायचंय' असं मोघम ठरवू नका. कामातला एकच अडणारा तुकडा घ्या, समजा ग्राहकाने दर कमी करा म्हटल्यावर द्यायचं पहिलं उत्तर. तेवढंच घोटा, आणि चूक लगेच कळेल अशी सोय करा. टोकणारा जाणकार सहकारी मिळाला तर उत्तमच.

दहा हजार तास सराव केला की कोणीही तरबेज होतो, हे मात्र डोक्यातून काढा. एरिक्सन यांच्या १९९३ च्या अभ्यासातल्या बर्लिनच्या उत्तम व्हायोलिनवादकांच्या सरावाची दहा हजार तास ही विसाव्या वर्षापर्यंतची सरासरी होती, आणि त्यातल्या अनेकांचे तास त्याहून कमीच भरले होते.